रंगराव गव्याचे कोरे टायर

एका जंगलात एक मोटार होती, बाळांनो. जंगलात मोटार कशी, असं लगेच विचारू नका. तुमच्या घरच्या माळ्यावरच्या निम्म्या वस्तू तिथे कशा आल्या, हे तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे?

ही मोटार रंगराव नावाच्या रानगव्याची होती. त्यांच्या आजोबांना ती मिळाली होती. झालं असं, की आजोबा एकदा वाटेच्या मधोमध उभे होते. समोरून एक शिकारी साहेब मोटारीतून आला. साहेबाने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी साहेबाकडे पाहिलं. साहेब खाली उतरला आणि मोटार तिथेच ठेवून आल्या वाटेने निघून गेला. जरा घाईतच गेला. आजोबांनी तीन दिवस त्याची वाट पाहिली. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "आता आपलीच समजायची."

मोटार लांबलचक होती आणि रंगाने पिकल्या जांभळासारखी. तिला पितळेचा भोंगा होता. एवढा मोठा गवा आत कसा मावायचा? छप्पर काढलं की मावायचा. म्हणून छप्पर काढून टाकलेलं होतं.

साहेबाच्या वेळचे टायर कधीच कुजून गेले होते. रंगरावांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी शहराकडून नवे मागवले. चार चाकांना चार आणि एक स्टेपनी. काळेभोर, कडेला पांढरी पट्टी. त्या टायरांवर वऱ्हाड गेलं आणि त्याच टायरांवर नवरी घरी आली. नवरीचं नाव अनसूया. तिचं माहेर घाटापलीकडे, पळसदऱ्याच्या जंगलात. अंतर नऊ कोस.

घरी पोचल्यावर रंगराव खाली उतरले आणि टायरांकडे बघतच राहिले. तुम्ही कधी नवा टायर जवळून पाहिला आहे का? त्याच्यावर बारीक बारीक रबरी केस असतात. जाऊन-येऊन अठरा कोसांत मधल्या ओळीतले सगळे केस गळून गेले होते. रंगरावांचे डोळे भरून आले. नवरीला वाटलं, आपल्याला बघून आले.

त्या दिवसापासून मोटार हलली नाही.

ती गुहेच्या तोंडाशी उभी राहिली. गुहेचं तोंड पश्चिमेला होतं. दुपारनंतरचं सगळं ऊन टायरांवर पडायचं आणि ते कसे चमकायचे. आणखी चमकावेत म्हणून रंगराव त्यांना रोज करंजाचं तेल चोळायचे. रविवारी उरलेले केस मोजायचे. डाव्या पुढच्या चाकावर दोनशे बारा होते. जंगलात कुणाचं बाळ पाच दिवसांचं झालं की आई त्याला आधी इथे आणायची आणि म्हणायची, "बघ बाळा, हे टायर. तसूभरसुद्धा झिजलेले नाहीत." बाळ बघायचं. रंगराव बाळाला टायरला हात लावू द्यायचे नाहीत.

दरवर्षी फुलं फुलण्याच्या सुमाराला अनसूयाबाई म्हणायच्या, "अहो, मला चार दिवस माहेरी सोडता का?"

"सोडलं असतं गं," रंगराव म्हणायचे. "पण टायर झिजतील."

"मग मी चालत जाते. नऊ कोस म्हणजे काय, सकाळी निघाले तर संध्याकाळी पोचेन."

"मोटारवाल्याची बायको पायी? आपल्याकडे मोटार आहे हे लोकांना पटेल का मग?"

"मग भिकाजींच्या जीपमधून जाते."

भिकाजी म्हणजे शेजारचं रानडुक्कर. त्यांच्याकडे एक जुनाट जीप होती. वयाने ती मोटारीएवढीच. दर सोमवारी ते तिच्यात कंदमुळं भरून पळसदऱ्याच्या बाजाराला जायचे. टायर झिजले की बदलायचे. जंगलात जुनी मोटार म्हणून त्या जीपचं नाव कुणी घेत नसे, कारण ती चालायची.

"डुकराच्या जीपमधून," रंगराव म्हणायचे, आणि पुढे काहीच बोलायचे नाहीत. तेच उत्तर असायचं.

अशी चौदा वर्षं गेली.

चौदाव्या वर्षी एकाच दिवशी दोन चिठ्ठ्या आल्या. एक रंगरावांना होती. पळसदऱ्याला जुन्या मोटारींचा मेळावा भरणार होता. पहिल्या नंबराला 'वनवारसा-भूषण' ही पदवी आणि शिवाय एक बक्षीस. नियम दोनच. मोटार स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. आणि जिच्या जितक्या वस्तू अस्सल, तिला तितके गुण. नुसत्या टायरांना वीस.

दुसरी चिठ्ठी अनसूयाबाईंना होती. त्यांच्या भावाने लिहिली होती. "आईला आता अगदी कमी दिसतं. माणूस आवाजावरून ओळखते. तुझा आवाज विसरायच्या आत येऊन जा."

रंगरावांनी आपली चिठ्ठी मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "अनसूये, आपण पळसदऱ्याला जाणार."

अनसूयाबाईंनी आपली चिठ्ठी घडी करून ठेवली. "खरंच जाणार?"

"वीस गुण टायरांचे," रंगराव म्हणाले. "असे कोरे टायर दुसऱ्या कुणाकडे असणार?"

अनसूयाबाई आनंदाने बांधाबांध करायला लागल्या. पण त्या सावध स्वभावाच्या होत्या. चौदा वर्षं उभी असलेली गाडी घाट चढणार, उतरणार. एकदा कुणाला तरी दाखवलेली बरी. म्हणून त्यांनी साळूबाईंना बोलावलं.

साळूबाई ही साळिंदर होती. ओढ्याकाठी तिचं पंक्चरचं दुकान होतं. जंगलातल्या सशांकडे सायकली होत्या आणि त्या सारख्या पंक्चर व्हायच्या. लोक म्हणायचे, साळूबाई वाटेवर मुद्दाम काटे टाकते. साळूबाईला विचारलं तर ती म्हणायची, "मुद्दाम नाही हो. चालताना पडतात. पण निम्मी पंक्चरं माझ्या काट्यांचीच असतात, ते खरं आहे." इतकी ती सरळ होती. त्यामुळे तिला फारसे मित्र नव्हते.

साळूबाई आली. मोटारीभोवती एक फेरी मारली. मग खाली बसून पुढच्या टायरला नख लावलं. रंगरावांनी श्वास रोखला.

"रावसाहेब, हे बघा," ती म्हणाली.

टायरच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या वर, बारीक भेगा पडल्या होत्या. उन्हाळ्यात आटलेल्या डबक्याच्या तळाला पडतात तशा. तिने नखाने जरा ताणल्यावर त्या उघडल्या. खाचांच्या तळाशीही होत्या. चारही चाकांना होत्या. स्टेपनीलासुद्धा होत्या.

"पण हे तर कोरे आहेत," रंगराव म्हणाले.

"कोरे आहेत," साळूबाई म्हणाली. "म्हातारेही आहेत. इथे आकडा आहे बघा, तेवीस शून्य सात. तेविसावा आठवडा, सातवं साल. तेव्हा हे कारखान्यात तयार झाले. आता एकविसावं साल चालू आहे."

रंगराव चौदा वर्षं तो आकडा मोटारीचा शुभांक समजत होते. त्यांनी त्यावर हळदकुंकूही वाहिलेलं होतं.

"मी एकदाही चालवली नाही," ते म्हणाले.

"तेच तर झालं. रबर चाललं की झिजतं, ते दिसतं. उभं राहिलं की आतून वाळतं, ते दिसत नाही. फिरलं, दाबलं गेलं, की आतलं मेण वर येतं आणि कातडी मऊ राहते. तुमच्या टायरांतलं मेण आतच बसून राहिलं. वर रोजचं ऊन. त्यात तुम्ही तेल चोळलंत. रबराला तेल सोसत नाही. हे पाचही काढा आणि नवे घाला. घाटात जाणार असाल तर आधी घाला."

"एकच वस्तू कोरी आणि म्हातारी, दोन्ही कशी असेल?" रंगरावांनी विचारलं.

साळूबाईने एकदा अनसूयाबाईंकडे पाहिलं.  पाना पिशवीत टाकला आणि निघून गेली.

रंगरावांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी दुसऱ्या जाणकाराला बोलावलं. त्यांचं नाव विद्याधर कोल्हे. हे वारसा-सल्लागार होते. त्यांच्याकडे मोटार नव्हती, कधी नव्हतीही, पण जुन्या मोटारींवर त्यांची एकवीस व्याख्यानं झालेली होती. त्यांनी भिंग काढलं आणि टायर तासभर बघितला. मग डोळे मिटले.

"भेगा कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"साळूबाई."

"त्यांचा काही दोष नाही. त्या टायर बघतात, मी टायरचा इतिहास बघतो. रंगराव, ही नक्षी आहे. काळाने कोरलेली. अशी नक्षी यायला चौदा वर्षं लागतात. नवे टायर घातलेत, तर ही कुठून आणणार? आणि वीस गुण कुठून आणणार?"

बातमी कानावर आली तशी साळूबाई तिथे आली होती. ती मागून म्हणाली, "कोल्हेसाहेब, इतिहासात हवा किती भरायची?"

विद्याधरपंत हसले. असल्या प्रश्नांना ते उत्तर देत नसत. त्यांनी एका पळसाच्या पानावर दाखला लिहून दिला, की या मोटारीवरील नक्षी अस्सल असून ती बुजवू नये.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. जंगलाच्या अभिमानाचा प्रश्न होता. ठराव झाला, की मोटारीच्या बाबतीत 'भेग' हा शब्द कुणी वापरू नये, 'नक्षी' म्हणावं. ठरावाची एक प्रत साळूबाईच्या दुकानावर चिकटवली. शाळेतल्या पिल्लांना नक्षीचं चित्र काढायला दिलं. एका खवल्या मांजराच्या पिल्लाने आपल्याच पाठीचं चित्र काढलं. त्याला पहिला नंबर मिळाला.

साळूबाईने ठराव वाचला आणि ती रंगरावांकडे गेली.

"बरं," ती म्हणाली. "नक्षी म्हणते. पुढच्या डाव्या चाकाची नक्षी अर्धं बोट खोल आहे. मागच्यांची त्याहून खोल. इतकी खोल नक्षी असलेले टायर घाटात फुटतात."

ठरावाच्या विरुद्ध यात काहीच नव्हतं. त्यामुळे पंचायतीला काही करता आलं नाही.

निघायचा दिवस आला. रंगरावांनी हवा भरली. भोंगा वाजवून पाहिला. सगळं जंगल निरोप द्यायला जमलं होतं. साळूबाईने अनसूयाबाईंना बाजूला घेतलं.

"वहिनी, तुम्ही या गाडीत बसू नका."

"साळूताई, मला दिसतंय सगळं," अनसूयाबाई म्हणाल्या. "मला काय भेग कळत नाही? पण चौदा वर्षांत ही गाडी पहिल्यांदा पळसदऱ्याकडे तोंड करून उभी आहे. मी बसणार."

"मग मागे बसा. आणि रावसाहेबांना हळू चालवायला सांगा. मी भिकाजींच्या जीपमधून तुमच्या मागोमाग येते. तेही मेळाव्यालाच निघालेत."

"मेळाव्याला? ती जीप?"

"जुनी आहे, असं म्हणतात ते. खरंच आहे जुनी."

मोटार निघाली. निघाल्याबरोबर डुग डुग डुग असा आवाज यायला लागला आणि सगळी मोटार उड्या मारायला लागली. चौदा वर्षं एकाच जागी उभी राहून टायरांचा खालचा भाग चपटा झाला होता. तो भाग जमिनीवर आला की गाडी खाली जायची, पुढे गेला की वर यायची.

"ऐकलंस?" रंगराव म्हणाले. "मोटारीची नाडी."

अनसूयाबाई एका हाताने बोचकं आणि दुसऱ्या हाताने दार धरून बसल्या होत्या. बोचक्यात आईसाठी कोवळे बांबूचे कोंब होते.

सहा कोस नाडी ठीक चालली. मग घाट लागला. चढणीवर टायर तापले. उताराला लागल्यावर डाव्या पुढच्या चाकाची पांढरी पट्टी सुटली आणि उसाचं साल निघावं तशी निघत गेली. ती लांब होऊन मागे फडफडत राहिली. मागून येणाऱ्या जीपमध्ये साळूबाई उभीच राहिली. "थांबवा," ती ओरडली. रंगरावांना वाटलं, ती शुभेच्छा देते आहे. त्यांनी भोंगा वाजवला.

तेवढ्यात तो टायर फुटला. पाठोपाठ उजवाही.

घाटातले सगळे पक्षी एकदम उडाले. मोटार कड्याकडे घसरत गेली. पुढची दोन्ही चाकं कड्यावरून पुढे गेली आणि पोट एका खडकावर अडकलं. मोटार तशीच थांबली. पुढे रंगराव, खाली दरी. मागच्या सीटवर अनसूयाबाई. मोटार हळूहळू खालीवर हलत होती, मुलांच्या सी-सॉसारखी.

भिकाजींनी जीप थांबवली आणि दोर काढला. साळूबाई धावत मागच्या चाकाशी आली.

"वहिनी, हलू नका," ती म्हणाली. "तुमच्या वजनावर गाडी टिकली आहे. रावसाहेब, तुम्ही सावकाश मागच्या सीटवर या."

रंगराव जागचे हलले नाहीत. "माझा पाय ब्रेकवर आहे," ते म्हणाले. "काढला तर टायर घासेल."

"रावसाहेब, टायर उरलेला नाही."

"मग आधी तुकडे गोळा करा. अस्सल आहेत."

मोटार जराशी पुढे झुकली. रंगरावांची नजर समोरच्या छोट्या आरशावर गेली. आरशात त्यांना बायको दिसली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती.

"अनसूये, भिऊ नकोस," ते म्हणाले. 

"मी भीत नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "ते खाली तळं दिसतंय का तुम्हाला? त्याच्या काठच्या चिखलात मी लहानपणी लोळायचे. आई हाक मारून मारून दमायची."

रंगरावांनी पाहिलं. दरीच्या पलीकडे एक तळं चमकत होतं. बायको चिखलात लोळायची हे त्यांना माहीत नव्हतं. चौदा वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं.

"आता मागे या," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुम्ही येणार नसाल, तर मी खाली उतरते."

त्या उतरल्या असत्या तर काय झालं असतं, ते रंगरावांना लगेच कळलं. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि सीटवरून मागे आले. एक टन वजनाचा गवा मागच्या सीटवर कसा आला ते विचारू नका. सीट मोडली. पण मोटारीची मागची बाजू जमिनीवर घट्ट बसली. भिकाजींनी दोर बांधला, जीप मागे घेतली, आणि मोटार कड्यावरून ओढली गेली. ओढताना मागचे दोन टायरही फुटले. स्टेपनी मात्र शाबूत होती. साळूबाईने ती बसवायला घेतली आणि हवा भरताच तीही फुटली.

अनसूयाबाई बोचकं घेऊन खाली उतरल्या.  त्या थोडा वेळ एका दगडाला टेकून उभ्या राहिल्या.

"भिकाजी," त्यांनी विचारलं, "इथून पळसदरा किती?"

"दोन कोस उरलेत. सगळा उतारच आहे."

अनसूयाबाईंनी बोचकं शिंगाला अडकवलं आणि चालायला लागल्या.

"अगं, पायी?" रंगराव मागून म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"भेटले की विचारते," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

वाटेत त्यांना एक सांबर भेटलं आणि दोन मोर भेटले. ते म्हणाले, "अनसूया ना तू? किती वर्षांनी." याखेरीज कुणी काही म्हणालं नाही.

तळ्याकाठी जांभळीखाली म्हातारी बसली होती. पावलं ऐकून तिने मान वर केली.

"कोण आहे?"

अनसूयाबाईंना बोलताच येईना. आपला आवाज तिला ओळखू आला नाही तर काय करायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी नुसते बांबूचे कोंब पुढे ठेवले. म्हातारीने कोंब हुंगले नाहीत. तिने मान लांब करून अनसूयाबाईंचं कपाळ हुंगलं.

"बोलत का नाहीस?" ती म्हणाली. "लहानपणीही अशीच. काही मोडलं की गप्प."

"मोटार मोडली, आई."

"बरं झालं. किती वेळ लागला गं यायला?"

"चौदा वर्षं. त्यातले शेवटचे दोन तास पायी."

 म्हातारीने एक कोंब तोंडात घातला आणि दुसरा लेकीपुढे सरकवला.

आता मेळाव्याचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजींनी मोटार दोराने ओढत मैदानात आणली. उघड्या लोखंडी रिमांवर ती किरकिरत आली. रंगरावांच्या हातात एक पोतं होतं. पोत्यात पाचही टायरांचे तुकडे होते. साळूबाईने ते वेचून द्यायला मदत केली होती, कारण तुकडे वाटेत राहिले तर सशांच्या सायकली घसरतात.

परीक्षक एक कासव होतं. ते फार मान्यवर होतं. नव्वद वर्षांत त्याने एकच पाठ वापरली होती आणि तीही अजून मूळची.

कासवाने आधी भिकाजींची जीप पाहिली. "हे टायर कधीचे?"

"गेल्या वर्षीचे."

"आणि जीप इथे कशी आली?"

"चालत आली. शिवाय येताना ही मोटार ओढत आणली."

"म्हणजे टायर नवे आणि वापर रोजचा," कासव म्हणालं. "हिला जुनी कसं म्हणायचं?" त्याने शून्य लिहिलं.

मग ते रंगरावांच्या मोटारीपाशी आलं. यायला बराच वेळ लागला. तोपर्यंत सगळे उभे होते.

"चाकं स्वतःची आहेत?"

"आहेत," रंगराव म्हणाले.

"टायर?"

रंगरावांनी पोतं उघडलं. कासवाने एक तुकडा उचलला. त्यावर सहा रबरी केस तसेच होते. कासवाने तो सगळ्यांना दाखवला.

"मी साठ वर्षं परीक्षक आहे," ते सावकाश म्हणालं. "पण न झिजता फुटलेला टायर आज पहिल्यांदा बघतो आहे. याला म्हणतात जपणूक."

विद्याधर कोल्ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. रंगराव वनवारसा-भूषण झाले. गळ्यात हार पडला. त्यांनी गर्दीत सगळीकडे पाहिलं. अनसूयाबाई आल्या नव्हत्या. त्या तळ्यावर होत्या.

मग बक्षीस आलं. चार हरणांनी ते गडगडत आणलं. ते चार नवे टायर होते.

काळेभोर. केसाळ. कडेला पांढरी पट्टी. मागच्याच आठवड्यात तयार झालेले. साळूबाईने पाहिले आणि तिला बरं वाटलं. "घाला लगेच," ती म्हणाली. "पाना माझ्याजवळ आहे. वहिनींना घ्या आणि आरामात घरी जा."

रंगरावांनी टायरवरून हात फिरवला. केस तळव्याला गुदगुल्या करत होते.

"नऊ कोस," ते पुटपुटले. "मधली ओळ जाईल."

त्यांनी तीन हत्ती बोलावले. दोघांनी मोटार उचलून घरी नेली. तिसऱ्या हत्तीने टायर नेले, केळीच्या पानांत गुंडाळून. जाताना रंगराव तळ्यावर गेले होते. अनसूयाबाई म्हणाल्या, "मी आईजवळ थोडे दिवस राहते. पुढच्या महिन्यात न्यायला या." रंगरावांनी मान हलवली. मग ते हत्तीच्या पाठीवर बसून गेले, कारण वनवारसा-भूषणाने चालत जायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

साळूबाईचं काय झालं? जंगलात परत पंचायत बसली. चौदा वर्षं टायर उत्तम होते, साळूबाईने नख लावलं आणि पंधरवड्यात फुटले, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. ठराव झाला, की साळूबाईने फुटण्याआधी कुणाचाही टायर बघू नये. फुटल्यावर बघायला हरकत नाही. साळूबाईने विचारलं, "फुटल्यावर त्यात काय बघायचं?" ते पुढच्या सभेत ठरवू, असं पंचायतीने सांगितलं.

एवढं होऊनही मोटार बघायला गर्दी वाढली. सशांनी मोटार पाहिली, पदवी पाहिली, आणि आपल्या सायकली बिळांबाहेर उन्हात उभ्या करून तेल लावायला सुरुवात केली. आता ते सगळीकडे पायी जातात.

महिना झाला. पळसदऱ्याहून निरोप आला, "आई बरी आहे. मला न्यायला या." रंगराव नव्या टायरांपाशी बराच वेळ बसून राहिले. गुहा त्यांना फार मोठी वाटत होती. जेवण नीट होत नव्हतं. त्यांना बायकोची खरोखर आठवण येत होती, हे मी तुम्हाला खोटं सांगत नाही. तळ्याकाठच्या चिखलाबद्दल त्यांना तिला पुष्कळ विचारायचं होतं.

शेवटी त्यांनी उत्तर लिहिलं. "प्रिय अनसूयेस. यायची फार इच्छा आहे. टायर अगदी उत्तम आहेत, त्यामुळे येता येत नाही. तू येताना शक्यतो भिकाजींच्या जीपमधून ये. मी कुणाला काही म्हणणार नाही."

अनसूयाबाईंनी ते पत्र आईला वाचून दाखवलं.  म्हातारीने विचारलं, "टायर म्हणजे काय असतं गं?"

अनसूयाबाईंनी सांगायचा प्रयत्न केला. गोल असतं, आत हवा असते, फिरवायचं असतं. एवढं सांगून त्यांनी पत्र बाजूला ठेवलं. मग त्या तळ्यात डुंबायला उतरल्या.

तात्पर्य : वेळेवर टायर बदलणाऱ्याला जगात कुणी हार घालत नाही, म्हणून आपली वस्तू फुटेपर्यंत जपावी आणि फुटली की तुकडे पोत्यात भरून मेळाव्याला न्यावेत. गाडीत मागे कोण बसलं आहे, याची मात्र फार काळजी करू नये. त्याला गुण नसतात.